अर्जाबरोबर येणाऱ्या बाई

बाईंच्या वाडीत शिरताना आम्ही पायातल्या चपला काढत नसू. पळायची वेळ आली तर शोधत बसायला नको, एवढाच हेतू.

वाडी माहीमला, मुंबईच्या नव्हे, पालघरजवळच्या, समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर. वर नारळी-पोफळी, खाली पानवेलींचा मांडव. भर दुपारी आत शिरलं तरी क्षणभर काही दिसत नसे, फक्त आवाज ऐकू येई : कट्, कट्, कट्. तो बाईंचा अडकित्ता. त्या स्वतः सुपारी खात नसत, आल्यागेल्याला देतही नसत. नुसती कातरत बसत. डोळे सरावले की गोणपाटावर बसलेल्या बाई दिसत. काटकुळ्या, ताठ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि वाडीत बसायचं असलं तरी ऑफिसला निघाल्यासारखं पिना लावून नेसलेलं पातळ. पुढ्यात खुडलेल्या पानांचा ढीग. आणि ढिगाच्या अलीकडे, नोकरीचा अर्ज मुठीत धरून, घाम पुसणारं एखादं माणूस.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला नुसता एक तालुका. कोळगावला आज एवढं मोठं जिल्ह्याचं ठिकाण झालंय, तिथे तेव्हा पाहण्यासारखं काही नव्हतं. पण बोईसर-तारापूरकडे एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि किनाऱ्यावरच्या घराघरात मॅट्रिक झालेलं एकेक पोर अर्ज खरडत बसलेलं होतं. त्यातली बरीचशी पोरं कधी ना कधी बाईंच्या गोणपाटापुढे येऊन बसत. खुशीने कोणी येत नसे. घरचे ढकलत.

बाई तरुणपणी मुंबईला, फोर्टातल्या कुठल्याशा कंपनीत होत्या. काम काय, तर टपाल फोडायचं. नोकरीचे अर्ज आले की त्यांचे दोन गठ्ठे करायचे. एक साहेबाच्या टेबलावर, दुसरा रद्दीत.

"पहिल्या ओळीला मारायचे मी," त्या सांगत. आमच्याकडे बायका गप्पा मारता मारता कोळंबीची डोकी मोडतात ना, तितक्या सहज. "दुसरी ओळ वाचायला येळ कोणाला हाय?"

"मग नोकरी का सोडलीत, बाई?" असं एकदा कोणीतरी धीर करून विचारलं होतं.

"हात दुखायला लागला."

बस, एवढंच. पुढे विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्यांची रीत अशी की आलेल्या माणसाने आधी पानं निवडायला बसायचं. मोठी एकीकडे, लहान एकीकडे, फाटकी-डागाळलेली तिसरीकडे, आणि सगळ्यांची टोकं एका दिशेला. माणूस पानांत गुंतला की बाई प्रश्न विचारायला लागत. "हात मोकळे असले की तोंड खोटं बोलतं," असं त्यांचं म्हणणं. शिक्षण किती, मार्क किती, हे त्या कधी विचारत नसत. काल काय केलंस, हे विचारत. आणि उत्तरात जरा काही बनावट आलं की अडकित्ता थांबे. ओरडत नसत हो त्या, कधीच नाही. नुसता तो कट्-कट् बंद व्हायचा, आणि मांडवाखाली अशी शांतता पसरायची की आपण काय खोटं बोललो ते आपल्यालाच आठवायला लागायचं.

आमच्या ओळखीतला एक बीएस्सी झालेला मुलगा त्यांच्याकडे गेला होता. चांगला पंचविशीचा, मिशी राखलेला. अर्जात लिहिलेलं, 'मी अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक आहे.'

"आज घरात पाणी कोणी भरलं?" बाईंनी विचारलं.

"आईने."

"आनि काल?"

"आईनेच."

"मग आईला पाठव नोकरीला. कष्टाळू ती दिसते."

मिशीवाला वाडीतून निघाला तो थेट पालघर स्टेशनवर जाऊन थांबला म्हणतात. पण दुसऱ्या आठवड्यात परत आला. परत येत सगळे. कारण बाईंच्या हाताखालून गेलेल्या अर्जाला बोलावणं यायचं, हेही तितकंच खरं होतं.

आता माझं सांगते. माझं म्हणजे, त्या वेळच्या त्या ध्यानाचं.

सातपाटीची मी. वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. आई पाटी डोक्यावर घेऊन पालघरच्या बाजारात मासळी विकायची. इतकी वर्षं विकली की तिची मान गेली. डॉक्टरने गळ्यात पट्टा घातला आणि डोक्यावर रुमालाचंही ओझं घ्यायचं नाही म्हणून सांगितलं. तो पावसाळा होता, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणून निभावलं. पण नारळीपुनव झाली की होड्या दर्यात जाणार होत्या.

"होड्या गेल्या की पाटी तुझ्या डोक्यावर," आईने सांगितलं. पट्ट्यामुळे तिला मान वळवता येत नसे, म्हणून ती अख्खी वळून माझ्याकडे बघायची. ते बघणं फार भीतीदायक होतं. "नायतर लाग कुठं नोकरीला. मला काय, घरात पगार आला काय नि पापलेट आला काय, सारखंच हाय."

पाटीची मला लाज नव्हती. भीती होती. कोळ्याची मुलगी, आणि नांग्या उगारलेली जिवंत चिंबोरी दिसली की मी खाटेवर चढायचे. एकदा आईने मला नमुन्याला बाजारात नेलं होतं. पाटी उतरवताना माझा तोल गेला, पापलेटं घसरत घसरत गटाराच्या काठाला जाऊन थांबली, आणि ओळीत बसलेल्या माझ्या सगळ्या मावश्या-आत्या इतक्या हसल्या की गिऱ्हाइकंही मासळी सोडून मलाच बघायला लागली. मी तिथेच रडले. आता वाटतं, त्या बायका मला उचलून धरायला हसत होत्या. पण तेव्हा मला कोण सांगणार? मी मॅट्रिक झालेली होते ना.

तर बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात क्लार्क हवा होता. मुली चालतील, असं जाहिरातीत लिहिलं होतं. माझा एक चुलतभाऊ तिकडेच कंत्राटदाराकडे होता, त्याने कात्रण आणून दिलं. मी दोन दिवस खपून अर्ज लिहिला आणि आईने मला माहीमच्या एसटीत बसवून दिलं.

तो अर्ज मला अजून पाठ आहे. नातवंडं मागे लागली की मी तो म्हणून दाखवते आणि ती लोळून हसतात. सुरुवात अशी : 'माननीय मायबाप साहेब यांचे चरणी. मी सातपाटी गावची एक गरीब, अनाथ नसलेली परंतु अनाथासारखी मुलगी असून...' मग आईची मान, वडिलांचा दमा, गळकं छप्पर. शेवटी, 'आपण मला पदरात घेतल्यास मी व माझे सर्व कुटुंब जन्मोजन्मी आपले ऋणी राहू. आपल्या कारखान्याची अशीच भरभराट होवो.' खाली, 'आपली आज्ञाधारक दासी.'

बाईंनी कागद नाकाशी नेला.

"याला सुक्या बोंबलाचा वास येतो."

"धुऊन आणू?" मी विचारलं.

खरंच विचारलं हो. कागद धुऊन आणू, असं. अडकित्ता थांबला. माझ्या हातातलं पान फाटलं.

"हे कोणाला लिवलंस?" बाई म्हणाल्या. "कारखान्याला, का देवीला?"

"साहेबांना."

"साहेबाला नवस बोलतेस? आईची मान गेली, ही तुझी लायकी कशी झाली गो? बापाला दमा, म्हणून तुला माल पाठवता येतो?"

मी मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी पानांवर पडत होतं आणि बाई ते पान उचलून, पदराला पुसून, मोठ्या पानांत ठेवत होत्या.

"सगळे हेच लिवतात," त्या म्हणाल्या. आवाज काही मऊ झाला नव्हता. "मामलेदाराकडे दाखला मागायला जातो ना आपण, तीच सवय. गरिबी सांगायची, पाया पडायचं. अगं, साहेबाला गरीब नकोय. त्याच्याकडे काम पडलंय, ते उचलणारं माणूस हवंय. पहिल्या दिवशी सकाळी तिथं जाऊन तू काय करशील, ते लिव."

"ते मला कसं कळणार? मी कारखाना पाहिलेला नाही."

"मग जा नि बघून ये."

"एकटी?"

कट्, कट्, कट्.

बोईसरला मी एकटी गेले, हे आजही मला खरं वाटत नाही. स्टेशनपासून चालत निघाले. रस्त्याकडेच्या नाल्यातलं पाणी एका जागी पिवळं, पुढे जाऊन जांभळं. हवेत असा वास की नाक आत ओढून घ्यावं वाटे. समोरून पाळी संपवून माणसं येत होती, त्यांचे हात कोपरापर्यंत लाल. मला वाटलं, काहीतरी भयंकर घडलंय आणि हे सगळे त्यातून वाचून आलेत. नंतर कळलं, तो रंग होता. पण नंतर कळून काय उपयोग? तोवर मी एका पानटपरीच्या मागे लपले होते.

कारखान्याच्या फाटकासमोर एक गुलमोहर होता. त्याच्या बुंध्याला चिकटून उभी राहिले. निघताना बाईंनी सांगितलं होतं, काहीतरी दिसेपर्यंत हलायचं नाही. मला काहीच दिसत नव्हतं. दिसत होत्या नुसत्या गाड्या. ट्रकांमागे ट्रक, रस्त्याच्या वळणापर्यंत. हॉर्न, शिव्या, आणि एका ड्रायव्हरने तर कंटाळून रस्त्यातच स्टोव्हवर भात चढवला होता. सगळ्यांत मागे एक छोटा टेम्पो. त्याला नुसते चार-दोन डबे घ्यायचे होते, पण पुढचे हत्ती हलल्याशिवाय त्याला आत जाता येत नव्हतं.

इतक्यात भोंगा वाजला. आयुष्यात इतक्या जवळून भोंगा ऐकला नव्हता. मी किंचाळले आणि पळत सुटले.

"अरे, किधर भागती है, बेटी?" फाटकावरचा वॉचमन ओरडला. "खाने की छुट्टी हुई है!"

टेम्पोवाला हसून हसून खाली बसला. मी परत येऊन गुलमोहराला चिकटले. पळून गेले असते तर बाईंना काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी पानं निवडत मी सगळं सांगितलं. घाबरत, अडखळत, टेम्पोवाल्याच्या भातापर्यंत सगळं. भात टेम्पोवाल्याचा नव्हता, ट्रकवाल्याचा होता, तेवढ्याला अडकित्ता एकदा थांबला.

"मग तिथं तू असतीस तर?"

"मी काय करणार? पण बाई, आमच्या बंदरात होड्या एकदम लागतात ना, तेव्हा असं नाही करत. आधी कोणाचा माल उतरवायचा ते ठरलेलं असतं. बोंबील नरम, लगेच जातो, तो आधी. बर्फातला पापलेट थांबू शकतो. आणि ज्याची पाटीभरच मासळी आहे त्याला मध्येच सोडतात, नाहीतर तो बिचारा..."

मी बोलत होते आणि अडकित्ता चालूच होता. बराच वेळ चालूच होता.

"हे लिव," बाई म्हणाल्या.

"मासळीचं?"

"हेच. आधी आपल्या भाषेत. मग इंग्रजीत, एका दमात म्हणता येतील एवढ्याच वाक्यांत. दम लागला की वाक्य तोडायचं."

पहिली ओळ बसवायला एक दुपार गेली. शेवटी इतकीच उरली : तुमच्या फाटकावर गाड्या थांबलेल्या मी पाहिल्या, त्या लवकर सोडण्याचं काम मला जमेल असं वाटतं. 'असं वाटतं' मला काढायचं होतं, जास्त ठसठशीत दिसावं म्हणून. बाईंनी काढू दिलं नाही. "तुला नुसतं वाटतंयच अजून. केलंस कुठं?"

मग आली खरी आफत. जाहिरातीत शेवटी लिहिलं होतं, टाइपिंग येणाऱ्यांना प्राधान्य.

"येतं?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग लिव, येत नाय."

चुलतभावाने बजावून ठेवलं होतं, "चाळीसचा स्पीड हाय असं ठोकून दे. सगळे ठोकतात. आत शिरल्यावर कोण बघतोय?" आणि इथे ही बाई म्हणत होती, स्वतःच्या हाताने स्वतःची मान कापून पाकिटात घाल.

"बाई, ते नुसतं न लिहिता सोडून दिलं तर?"

"साहेबाने इचारलंय ना? इचारलेल्याला उत्तर द्यायचं."

"मग... 'येत नाही, पण शिकेन,' असं लिहू?"

"क्लास लावलास?"

"नाही."

"मग 'शिकेन' कशाला? शिकेन तर मी पण म्हनेन, इमान चालवायला शिकेन."

मी पालघरला स्टेशनजवळच्या टाइपिंग क्लासात नाव घातलं ते शहाणपणाने नव्हे, बाईंच्या भीतीने. दोन दिवसांनी जाऊन सांगितलं, लावला क्लास.

"काय शिकलीस?"

"डाव्या हाताची चार अक्षरं. उजव्या हाताची चार. करंगळी अजून वळत नाही."

"तेवढंच लिव."

आणि मी लिहिलं. मला टाइपिंग येत नाही. क्लासला जायला लागले आहे. पहिल्या धड्यावर आहे. करंगळीचं लिहायचं राहिलं, तेवढं बाईंनी माफ केलं. पाकीट पेटीत टाकताना माझा हात पेटीच्या तोंडात कोपरापर्यंत गेला होता. परत ओढून काढता येतं का ते पाहत होते. मागून पोस्टमन म्हणाला, "बाय, टाकलास ना? आता काढ हात, मला पेटी उघडायची हाय."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. अर्ज गेला की बाई त्या माणसाला वाडीत येऊ देत नसत. फाटकातूनच, "काही आलं की सांग," म्हणून परत पाठवत. मला वाटलं, त्यांचं काम संपलं, आपण आता त्यांच्या खिजगणतीत नाही. घरी आई अख्खी वळून बघत होती. किनाऱ्यावर होड्यांना रंग चढत होता, जाळी दुरुस्त होत होती, आणि एका सकाळी पाहिलं तर आईने माळ्यावरची पाटी काढून धुऊन उन्हात वाळत घातलेली. त्या पाटीला वळसा घालून मी क्लासला गेले. करंगळी वळू लागली होती.

नारळीपुनवेच्या आधल्या आठवड्यात बोलावणं आलं.

मुलाखतीच्या दिवशी पालघरच्या स्टँडवर बोईसरच्या गाडीत चढले, तर खिडकीशी बाई. पिना लावलेलं पातळ, मांडीवर काळी पर्स, चष्म्याच्या काडीला नवा दोरा.

मी पायरीवरूनच म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्याबरोबर..."

"तुझ्याबरोबर नाय. अर्जाबरोबर आलेय."

वाटभर दोघी समोरच्या सीटच्या दांड्याला धरून अशा बसलो होतो की कंडक्टरने विचारलं, "दवाखान्यात चाललात का, मावशी?" फाटकाशी आल्यावर त्या समोरच्या चहाच्या टपरीकडे वळल्या आणि मला हाताने आत ढकललं. तो हात बर्फासारखा गार होता. मला वाटलं, म्हातारपण. तेव्हा त्या आजच्या माझ्यापेक्षा कितीतरी लहान होत्या, हे वेगळं.

आत बाकावर सात-आठ मुलंमुली. प्रत्येकाला आधी टाइपरायटरवर बसवत होते. सगळ्यांनी स्पीड ठोकलेला होता ना, तो बघायला. एक मुलगा बाहेर आला तो कागद हातात घेऊन. कागदावर दीड ओळ, त्यातही निम्म्या फुल्या. एक मुलगी तर आतच रडायला लागली. माझं नाव थेट साहेबांसमोर जायला पुकारलं, तेव्हा मी उभी राहिले आणि परत बसले. शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं.

टेबलापलीकडे दोन साहेब. त्यातल्या चष्मेवाल्याच्या हातात माझा अर्ज. मी ओळखला, मला तर वाटलं, बोंबलाचा वासही आला.

"तुम्हाला टाइपिंग येत नाही," तो म्हणाला.

"नाही, सर."

"जाहिरातीत मागितलं होतं. तरी येत नाही म्हणून लिहायची हिंमत कशी झाली?"

इथे दुसरी कोणी असती तर काहीतरी बाणेदार बोलली असती. माझ्या तोंडून निघालं, "हिंमत नाही झाली, सर. बाईंना घाबरून लिहिलं."

"कोण बाई?"

आता काय सांगू? पानवेलींच्या मांडवाखाली बसतात, सुपारी कातरतात आणि खात नाहीत? दुसरा साहेब खिडकीकडे तोंड करून हसत होता.

"आता कुठल्या धड्यावर आहात?"

"सातव्या. पण सहावा अजून चुकतो."

"हे गाड्यांचं तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्याच कोणी माणसाने?"

"मी समोर उभी होते, सर. गुलमोहराखाली. भोंगा वाजला तेव्हा पळाले, पण परत आले."

मग त्याने मला खिडकीशी बोलावलं. खाली तीच रांग. तेच हॉर्न. "यातली आधी कुठली सोडाल?"

आणि मग मला काय झालं माहीत नाही. भीती गेली असं मुळीच नाही, भीती होतीच. पण तिला दोन मिनिटं कामाला जुंपावं तसं झालं. कोणाला किती लांब जायचंय, कोणाचा माल थोडका, कोणता ट्रक रिकामा आलाय, हे ड्रायव्हरांना विचारल्याशिवाय सांगता येणार नाही, असं मी म्हणाले. "पण तो मागचा टेम्पो आधी सोडा, सर. तो परवापासून तिथंच असल्यासारखा दिसतो." दोघे हसले. चष्मेवाल्याने अर्जावर काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "एक तारखेपासून या. टाइपिंगचा क्लास सोडायचा नाही."

बाहेर आले तर टपरीवर बाई नव्हत्या. मला सोडून गेल्या? का कुणाला काही बोलून बसल्या?

"माताजी को ढूँढती हो?" वॉचमन म्हणाला. "उधर, दुकान के पीछे. हर बार वहीं बैठती हैं."

"हर बार?"

"जब भी उनका कोई बच्चा अंदर आता है. सामनेवाली कंपनी में भी आती हैं."

टपरीवाला किटली पुसत होता, तो म्हणाला, "मी त्यांना चहा पन देत नाय ताई. दिला की सगळा सांडतात. हात बघा ना त्यांचे."

टपरीमागे, उलट्या ठेवलेल्या एका पत्र्याच्या डब्यावर बाई बसल्या होत्या. पर्स छातीशी धरलेली, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आणि हात असे कापत होते की पर्सची कडी एकसारखी वाजत होती. ज्या बाईंच्या नुसत्या गप्प होण्याने मिशीवाले बीएस्सी वाडीबाहेर पळत, त्या बाई. मी इतकी घाबरले की हाकसुद्धा मारवेना. पाय वाजवले. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलंच नाही, उठल्या आणि चालू लागल्या.

"गाडी चुकेल," एवढंच म्हणाल्या.

केळव्याची गाडी मिळाली. पालघरला मी उतरायचं, त्यांनी पुढे माहीमला. आम्ही बसलो. त्या विचारेनात. विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं, ते मला दिसत होतं. दर थोड्या वेळाने घसा खाकरायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या. आणि मी, हातात नोकरी असलेली मी, सांगितलं नाही. बोईसरचे कारखाने मागे पडेपर्यंत सांगितलं नाही. खोडसाळपणा म्हणा. इतके आठवडे यांनी मला घाबरवलं, आता जरा यांनी घाबरावं. पण मग कडी पुन्हा वाजायला लागली, आणि माझ्याने राहवेना.

"बाई, लागली."

त्यांनी मान वळवली. "कुठल्या वाक्यावर अडला तो?"

"टाइपिंग येत नाही, त्यावर."

"हं," बाई म्हणाल्या. "अडायलाच पायजे."

आणि पर्स मांडीवर सोडून त्या मागे टेकल्या. पुढच्या वळणावर त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. अर्ज टाकल्यापासून नीट झोपलेल्या नसाव्यात असं झोपणं होतं ते.

पालघर आलं. माझं सातपाटीचं वळण. घरी आई वाट बघत असणार, अख्खी वळून. कंडक्टर ओरडला, "पालघर, पालघर!" मी खांदा जरासा हलवून पाहिला. बाईंच्या कपाळाला आठी पडली. मी पुन्हा सरळ बसले. गाडी सुटली.

माहीम आलं. बाईंचं गाव. वाडीकडची वाट माझ्या डोळ्यांसमोरून गेली. "बाई," मी म्हणाले, अगदी मनातल्या मनात. माहीमही गेलं.

केळव्याला गाडी रिकामी झाली. ड्रायव्हर उतरून गेला. कंडक्टर दारात उभा राहून तिकिटांची पेटी बडवत म्हणाला, "ओ ताई, शेवटचा स्टॉप! उठवा त्या मावशींना."

मी त्याच्याकडे पाहिलं. एक तारखेपासून ट्रकवाल्यांना रांगेत लावणार होते मी.

"तुम्हीच उठवा ना," मी म्हणाले.